जपानी सचेतनपट

जपानी सचेतनपट : स्थिर चित्रांच्या क्रमवार मालिकेतून हालचालीचा भास निर्माण करणाऱ्या चित्रपटप्रकारास सचेतनपट म्हणतात. ॲनिमेशन या नावाने तो सर्वत्र परिचित आहे. जपानमध्ये विसाव्या शतकात या प्रकारास जे स्वतंत्र रूप लाभले, त्यास ‘ॲनिमे’ ही संज्ञा रूढ झाली आहे. हा शब्द ॲनिमेशन याच शब्दाचा जपानी संक्षेप असून खुद्द जपानमध्ये तो कोणत्याही देशाच्या सचेतनपटास लावतात. जपानबाहेर मात्र त्याचा अर्थ जपानी निर्मितीपुरता मर्यादित झाला आहे.

या कलाप्रकाराचा अभ्यास सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. रेषा, रंग, गती व ध्वनी यांची संघटना करणारी एक दृश्यकला म्हणून त्याचा विचार होतो, तसेच मासिके, दूरचित्रवाणी, खेळणी व चाहत्यांचे समुदाय यांना व्यापून असणारी एक सांस्कृतिक घटना म्हणूनही होतो. ही दोन अंगे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत, कारण जपानी सचेतनपटाची शैलीच मुळात त्याच्या निर्मितीच्या आर्थिक व सामाजिक परिस्थितीतून घडलेली आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयास आणखी एक संदर्भ आहे. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा सचेतन लघुपट १९१५ मध्ये तयार केला. जपानमधील चित्रपटगृहांत दाखविले गेलेले पहिले देशी सचेतनपट १९१७ मधील आहेत. आरंभ जवळजवळ एकाच वेळी होऊनही एका देशात या कलेस राष्ट्रीय कलेची प्रतिष्ठा मिळाली व दुसऱ्या देशात ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. या फरकाची कारणे शोधणे, हा जपानी सचेतनपटाच्या अभ्यासाचा आपल्याकडील एक महत्त्वाचा हेतू ठरतो.

पूर्वपरंपरा : चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची परंपरा जपानमध्ये प्राचीन आहे. बाराव्या शतकातील ‘एमाकी’ म्हणजे गुंडाळीवजा चित्रपट उजवीकडून डावीकडे उलगडत पाहावयाचे असत. पाहणाऱ्याच्या हाताच्या गतीनुसार कथा पुढे सरके व एकच पात्र सलग भूमीवर पुनःपुन्हा दिसे. प्रसिद्ध दिग्दर्शक इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गुंडाळ्यांना बाराव्या शतकातील सचेतनपटच मानले आहे. हे मत उद्बोधक असले, तरी आठ शतकांची अखंड परंपरा सिद्ध करण्यास ते पुरेसे नाही. कारण सचेतनपटाचे तंत्र जपानमध्ये पाश्चात्त्य चित्रपटांबरोबर आले. ‘कामिशिबाई’ या कागदी नाट्याचा वारसा मात्र अधिक निकटचा आहे. १९३० नंतरच्या दोन दशकांत सायकलवर लाकडी चौकट बांधून कथेकरी गल्लोगल्ली फिरत, मुलांना गोळ्या-मिठाई विकत आणि एकेक चित्र सरकवीत क्रमशः कथा सांगत. दूरचित्रवाणीच्या प्रसाराने हा व्यवसाय मागे पडला, तेव्हा शिगेरू मिझुकी, सांपेई शिराटो यांसारखे त्यातील चित्रकार ‘मांगा’ म्हणजे छापील चित्रकथांकडे वळले. मौखिक कथनाची लय अशा रीतीने छापील पानात व तेथून पडद्यावर उतरली.

महाराष्ट्रात या प्रकाराशी विलक्षण साम्य असलेली परंपरा चित्रकथींची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळनजीकच्या पिंगुळी गावचे ठाकर समाजातील कलावंत रामायण-महाभारतातील आख्याने सुट्या चित्रांच्या पोथ्यांच्या आधारे गाऊन सांगतात. वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीत एक चित्र मांडीवर उभे धरावयाचे, त्यातील प्रसंग संपला की पुढचे चित्र पुढे करावयाचे, अशी तिची रीत आहे. या परंपरेच्या जतनाबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. पैठणी शैलीची म्हणून ओळखली जाणारी जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. तथापि जपानमध्ये कागदी नाट्याचा चित्रकार छापखान्यात व पुढे स्टुडिओत पोहोचला, तसा चित्रकथी मुंबई-पुण्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचला नाही. परंपरा दोन्हीकडे होती. परंपरेस नव्या माध्यमाशी जोडणारा दुवा एकीकडेच निर्माण झाला.

ऐतिहासिक आढावा : ओतेन शिमोकावा, जुनइची कोउची व सेइतारो कितायामा या तिघांनी १९१७ मध्ये स्वतंत्रपणे केलेले लघुपट हा जपानी सचेतनपटाचा आरंभ मानला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राज्यसंस्थेने या माध्यमाचा प्रचारासाठी उपयोग केला. मित्सुयो सेओ दिग्दर्शित ‘मोमोतारो : उमि नो शिम्पेई’ (१९४५, म. शी. मोमोतारो : समुद्राचे दैवी सैनिक) हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट नौदल खात्याच्या पुरस्काराने निघाला होता. लोककथेतील बालवीर व प्राणी यांच्या गोजिरवाण्या रूपांआड त्यात आक्रमणाचे समर्थन आहे. तंत्राची प्रगल्भता व आशयाचे दारिद्र्य एकाच कृतीत कसे नांदू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

युद्धोत्तर काळात तोएइ दोगा (स्थापना १९५६) या संस्थेने अमेरिकेतील वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेचा आदर्श पुढे ठेवून ‘हाकुजादेन’ (१९५८, म. शी. श्वेतसर्पिणीची कथा) हा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सचेतनपट काढला. खरे वळण मात्र १ जानेवारी १९६३ रोजी मिळाले. चित्रकथाकार ओसामू तेझुका (१९२८–८९) यांच्या स्टुडिओने ‘तेत्सुवान आतोमू’ (म. शी. पोलादी बाहूंचा अणू) ही साप्ताहिक मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली व १९६६ अखेर तिचे १९३ भाग झाले. या मालिकेने साप्ताहिक निर्मितीची पद्धत, अल्प चित्रांवर भागविण्याचे तंत्र आणि पात्रांच्या छापील व खाद्य वस्तूंवरील वापरातून तूट भरून काढण्याचा व्यवहार, या तिन्ही गोष्टी एकदमच रूढ केल्या.

सत्तरीच्या दशकात ताकाहाता यांची ‘हायडी’ (१९७४), अंतराळकथांवर आधारित ‘यामातो’ (१९७४) आणि ‘गुंडाम’ (१९७९) या मालिकांनी विषयांची कक्षा वाढविली. शेवटच्या मालिकेत युद्ध हे वीरकृत्य न राहता राजकारण व यातना यांचे मिश्रण बनले. १९८५ मध्ये ताकाहाता व हायाओ मियाझाकी (१९४१– ) यांच्याभोवती स्टुडिओ जिब्ली ही संस्था उभी राहिली. काट्सुहिरो ओटोमो यांच्या ‘आकिरा’ने (१९८८) पाश्चात्त्य प्रौढ प्रेक्षकांचे लक्ष वेधले. मियाझाकी यांच्या ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’ या २००१ मधील चित्रपटास, म्हणजे इंग्रजीत ‘स्पिरिटेड अवे’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कृतीस, बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल (२००२, विभागून) व ऑस्कर (२००३) हे सन्मान मिळाले. त्यांच्याच २०२३ मधील चित्रपटास २०२४ मध्ये पुन्हा ऑस्कर लाभले. सातोशी कोन (१९६३–२०१०) यांनी स्वप्न, स्मृती व वास्तव यांच्या सीमारेषा पुसणारे प्रौढांचे चित्रपट काढले. माकोतो शिंकाई (१९७३– ) यांच्या कृतींत महानगर, पाऊस व विरह यांचे काव्यात्म चित्रण आढळते.

शैली व तंत्र : चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. डिझ्नीप्रणीत परिपूर्ण पद्धतीत त्यांसाठी बारा ते चोवीस निरनिराळी चित्रे काढली जातात. त्यामुळे पात्रांची हालचाल सलग, लवचिक व वजनदार भासते. जपानी दूरचित्रवाणीच्या मर्यादित पद्धतीत एकच चित्र तीन चौकटी टिकवून आठ चित्रांवर भागवितात. बोलताना केवळ ओठ हलतात. चेहरा स्थिर राहतो. पळणारे पात्र जागीच ठेवून पार्श्वभूमी सरकविली जाते. एका भव्य स्थिर चित्रावरून कॅमेरा संथपणे फिरविला जातो. तीच चित्रे पुढील भागांत पुन्हा वापरली जातात.

ही काटकसर म्हणजे न्यूनता, असे प्रारंभीच्या टीकाकारांचे मत होते. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. अनेक मालिकांत ही पद्धत केवळ पैसे वाचविते. परंतु समर्थ दिग्दर्शकांच्या हाती तिला वेगळा अर्थ प्राप्त झाला. सर्वच गोष्टी सतत हलत असल्यास प्रेक्षकाचे लक्ष हालचालीकडे जाते. बहुतेक गोष्टी स्थिर असल्यास जे थोडे हलते त्याला महत्त्व येते. स्थिर चेहऱ्यावर हलणारी एक बट, निश्चल शेतावरून सरकणारी ढगाची सावली, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, एवढ्यावर भाव उभा राहतो. नाट्यसंगीताच्या श्रोत्याला हे तत्त्व अपरिचित नाही; दोन स्वरांमधील विरामाचे मोल तो जाणतो. जपानी सौंदर्यविचारात अशा अर्थपूर्ण अवकाशास ‘मा’ अशी संज्ञा आहे.

कॅनेडियन अभ्यासक टॉमस लामार यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात याच प्रश्नाची तांत्रिक बाजू मांडली आहे. पारदर्शक पत्र्यांवर काढलेली चित्रे एकावर एक ठेवून सचेतनपट बनत असे. डिझ्नीच्या कॅमेऱ्याने या थरांमध्ये खोली निर्माण केली व प्रेक्षक जणू दृश्याच्या आत शिरू लागला. जपानी पद्धतीत थर परस्परांवरून आडवे सरकतात. घाटातून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळची झाडे वेगाने, दूरचे डोंगर संथपणे सरकतात, तसा हा अनुभव असतो. चित्रे संगणकावर होऊ लागल्यानंतरही ही दृष्टी बदललेली नाही. पात्रांचे मोठे डोळे किंवा रंगीत केस यांना जपानी शैलीचे सार मानण्याची चूक नेहमी होते. थर, विराम व निवडक हालचाल ही तिची खरी लक्षणे होत.

दोन कलाकृती : १६ एप्रिल १९८८ रोजी जिब्लीचे दोन चित्रपट एकाच खेळात प्रदर्शित झाले. त्यांची तुलना या कलेची व्याप्ती स्पष्ट करते. ताकाहाता यांचा ‘होतारू नो हाका’ (म. शी. काजव्यांची कबर) हा आकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर आधारित आहे. १९४५ मधील बाँबहल्ल्यांत आई गमावलेला सेइता व त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांच्या उपासमारीची ही कहाणी आहे. नायकाचा मृत्यू आरंभीच दाखविला जातो. त्यामुळे ‘पुढे काय होईल’ या कुतूहलास जागा उरत नाही व प्रेक्षकाला ‘हे असे कसे झाले’ याकडेच पाहावे लागते. गोळ्यांचा पत्र्याचा डबा, डबक्यातील पाणी, मुलीचे बसणे-उठणे यांचे रेखाटन अत्यंत काटेकोर आहे. ही कृती केवळ अश्रूंना आवाहन करते, असा आक्षेप घेतला जातो. पण सेइताचा अभिमान व जगापासून दूर जाण्याचा त्याचा हट्ट हेही विनाशाचे एक कारण आहे, हे दिग्दर्शकाने झाकलेले नाही. जपानच्या आक्रमणाची मात्र चित्रपटात फारशी दखल नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे.

मियाझाकी यांच्या ‘तोनारी नो तोतोरो’मध्ये (म. शी. शेजारचा तोतोरो) खलनायक नाही व संघर्षही जवळजवळ नाही. आई रुग्णालयात असलेल्या दोन मुली खेडेगावात राहावयास येतात व त्यांना वनातील एक प्रचंड प्राणी भेटतो. पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहण्याचा प्रसंग या चित्रपटाचे मर्म होय. पाठीवर झोपलेली धाकटी बहीण, छत्रीवर पडणारे थेंब, शेजारी येऊन उभा राहिलेला तो प्राणी, यांपलीकडे बराच वेळ काहीही घडत नाही. तरीही वाट पाहणाऱ्या मुलीची चिंता व नंतरचे नवल दोन्ही प्रेक्षकापर्यंत पोहोचतात. एकाच संस्थेतून, एकाच दिवशी, मृत्यूची व बाल्याची अशी दोन चित्रे निघावीत आणि दोन्हींसाठी सचेतनपट हेच माध्यम योग्य वाटावे, यातच या कलेच्या जपानमधील प्रतिष्ठेचा पुरावा मिळतो.

सांस्कृतिक आधार : ही प्रतिष्ठा एकट्यादुकट्या प्रतिभावंतामुळे आली नाही. तिच्या मागे छापील चित्रकथांचा विशाल व्यवहार आहे. ‘शोनेन जम्प’ (स्थापना १९६८) या मुलांच्या साप्ताहिकाचा खप १९९४ च्या अखेरीस सुमारे ६५ लाख प्रतींवर गेला होता. मुलगे, मुली, तरुण व प्रौढ यांच्यासाठी स्वतंत्र मासिके असून वाचकांची पसंती मिळालेली कथा पुढे मालिका बनते, मालिकेतून चित्रपट व खेळणी निघतात. कथा प्रेक्षकांपुढे येण्यापूर्वी वाचकांनी पारखलेली असते आणि चित्रकारांना क्रमशः कथनाचे शिक्षण छापील पानावर मिळालेले असते.

या विषयाच्या मीमांसेसही जपानमध्ये जुनी परंपरा आहे. ताइहेई इमामुरा यांचा सचेतनपटावरील सैद्धांतिक ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये असे प्रतिपादन केले, की नव्या पिढीचे चाहते कथेपेक्षा पात्रांच्या सुट्या वैशिष्ट्यांचा साठा उपभोगतात. उत्तर अमेरिकेत सूझन नेपियर यांनी साहित्यसमीक्षेच्या पद्धतीने, तर मार्क स्टाइनबर्ग यांनी २०१२ मध्ये बाजारव्यवहाराच्या अंगाने विवेचन केले. नेपियर यांच्या पद्धतीत चित्राचा विचार मागे पडून कथानकच पुढे येते व आझुमा यांच्या पद्धतीत कलाकृती नाहीशी होऊन केवळ ग्राहक उरतो. प्रत्यक्ष चौकट पाहून बोलणारी समीक्षा अजूनही तुलनेने थोडी आहे. जपानी शासनानेही या लोकप्रियतेची दखल घेतली असून २००८ मध्ये परराष्ट्र खात्याने ‘डोरेमॉन’ या पात्रास सचेतनपटांचा सांस्कृतिक दूत नेमले.

भारत व महाराष्ट्र : फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’पूर्वीही रोपट्याची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली होती. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने जर्मन तंत्रज्ञ बोडो गुट्श्वागर यांच्या साहाय्याने ‘जंबूकाका’ (१९३४) हा लघुपट काढला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगपट विभाग स्थापन केला. डिझ्नीकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तेथे कलावंतांना शिक्षण दिले व ‘द बन्यन डिअर’ (१९५७) ही जातककथा तयार झाली. याच विभागातून राम मोहन (१९३१–२०१९) पुढे आले. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा भीमसेन यांनी सचेतन केलेला बोधपट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. हे प्रयत्न गुणवान होते, पण बहुतेक शासकीय प्रबोधनाच्या किंवा जाहिरातींच्या गरजेपुरते राहिले. मुंबईहून १९६७ पासून निघणाऱ्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेने राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारखे समर्थ चित्रकार पुढे आणले; तथापि तिच्या पुस्तिका मुख्यतः एकेका चरित्रापुरत्या स्वयंपूर्ण होत्या. आठवड्यामागून आठवडे वाढत जाणारी मूळ कल्पित चित्रकथा तिच्यातून रुजली नाही.

या पार्श्वभूमीवर ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) या भारत-जपान सहयोगाच्या चित्रपटाचे महत्त्व विशेष आहे. जपानी निर्माते यूगो साको हे १९८३ मध्ये अलाहाबादनजीकच्या, पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर अनुबोधपट करण्यासाठी भारतात आले असता रामकथेकडे आकृष्ट झाले. सहनिर्मितीचा त्यांचा प्रस्ताव, रामायणासारखा विषय ‘कार्टून’च्या रूपात दाखविणे उचित नव्हे, या कारणास्तव भारत सरकारकडून नाकारला गेला, असे या चित्रपटाच्या निर्मितिवृत्तांत सांगितले जाते. अखेर जपानी भांडवलावर साको, कोइची सासाकी व राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट पूर्ण झाला. चित्रे प्रामुख्याने जपानमध्ये काढली गेली. धोतर नेसण्याची पद्धत, वडीलधाऱ्यांस वंदन करण्याची रीत, बसण्याची ढब इ. तपशील भारतीय सहकाऱ्यांनी जपानी चित्रकारांना समजावून दिले. संगीत वनराज भाटिया यांचे असून इंग्रजी आवृत्तीतही गीते संस्कृत ठेवली आहेत.

कलादृष्ट्या हा चित्रपट दोन परंपरांच्या मधोमध उभा आहे. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाने, प्रथम मुंबईत व पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे, देवादिकांची जी रूपे घरोघरी पोहोचविली, त्यांची सौम्यता येथील राम-सीतेच्या चेहऱ्यांत दिसते; डोळ्यांची ठेवण व भावदर्शन मात्र जपानी आहे. अरण्य, पाणी व प्रकाश यांच्या पार्श्वभूमी उत्कृष्ट आहेत. कुंभकर्णाच्या युद्धप्रसंगात त्याचे अवाढव्यपण वेगाने नव्हे, तर संथपणाने दाखविले आहे. पाऊल उचलण्यास लागणारा वेळच त्याचे वजन सांगतो. पोस्टरवरील बलदंड राक्षसाहून हा कुंभकर्ण अधिक भयप्रद व अधिक करुण वाटतो. उलटपक्षी सात कांडांचा पसारा सव्वादोन तासांत बसविताना बालकांड व अरण्यकांड यांतील प्रसंग निवेदनाने ओलांडले जातात, आणि दशरथ-कैकेयीसारख्या पात्रांना द्वंद्वासाठी अवसर मिळत नाही. जपानी शैलीचे बळ असलेला विराम येथे कथेच्या घाईपुढे अनेकदा हार खातो.

हा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. तथापि त्या वेळच्या तणावपूर्ण वातावरणात त्यास व्यापक प्रदर्शन लाभले नाही. पुढे दूरचित्रवाणीवरून तो एका पिढीच्या परिचयाचा झाला व २४ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे तीन दशकांनंतर, भारतातील चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला. लहानपणी तो पाहिलेले प्रेक्षक आपल्या मुलांना घेऊन आले, ही गोष्ट ‘कार्टून’ या शब्दाने नाकारलेल्या कृतीचे मोल पुरेसे स्पष्ट करते.

दरम्यान जपानी मालिका भारतीय घरांत नकळत शिरल्या होत्या. दूरदर्शनने १९९३ मध्ये हिंदीतून दाखविलेली ‘जंगल बुक’ मूळ जपानी (१९८९–९०) होती. गुलजार यांचे शीर्षकगीत व नाना पाटेकर यांनी शेरखानास दिलेला आवाज यांमुळे ती इतकी आपलीशी झाली, की तिचे मूळ अनेकांना ठाऊकही नव्हते. ‘क्रेयॉन शिन-चॅन’ ही चित्रकथा जपानमध्ये १९९० मध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली. भारतात मात्र तिच्यावरील मालिका मुलांच्या वाहिनीवर आली आणि २००८ मध्ये तिच्या प्रसारणावर काही काळ बंदी घालावी लागली. दोष मालिकेपेक्षा वर्गीकरणात होता: जे जे रेखाटलेले ते ते मुलांचे, ही आपली समजूत येथे उघडी पडली. ‘सूरज : द रायझिंग स्टार’ (२०१२) या मालिकेत एका जुन्या जपानी बेसबॉलकथेचे मुंबईच्या गरीब वस्तीतील क्रिकेटकथेत रूपांतर केले होते. साचा जपानी, परिसर मुंबईचा, अशी ही रचना फार काळ टिकली नाही. उलट चाहत्यांच्या मागणीमुळे शिंकाई यांचा ‘तेन्की नो को’ (म. शी. हवामानाचे मूल) २०१९ मध्ये भारतीय चित्रपटगृहांत आला. प्रौढ प्रेक्षकवर्ग येथेही तयार झाला असल्याचे ते निदर्शक होते.

आक्षेप : जपानी सचेतनपटाच्या गौरवाबरोबर त्याच्या उणिवांचीही नोंद घेणे आवश्यक आहे. स्त्रीदेहाचे उपभोग्य चित्रण, हिंसेचे सौंदर्यीकरण व यशस्वी साच्यांची पुनरावृत्ती हे दोष व्यापक प्रमाणावर आढळतात. तेझुका यांनी आपली मालिका खर्चापेक्षा कमी दराने विकली, तेव्हापासून अल्प मोबदला व अतिश्रम या व्यवसायास चिकटून राहिले आहेत, आणि त्यांचा भार मुख्यतः कनिष्ठ चित्रकारांवर पडतो. शैलीचे कौतुक करणाऱ्याने ज्या टंचाईतून ती उपजली, त्या टंचाईची किंमत कोणी मोजली, हेही विचारले पाहिजे. १८ जुलै २०१९ रोजी क्योटो ॲनिमेशन या संस्थेवरील जाळपोळीच्या हल्ल्यात ३६ जण मृत्युमुखी पडले. आपल्या कलावंतांना कायम वेतनावर ठेवून घडविणारी संस्था म्हणून तिची ख्याती होती. त्यामुळे जपानमध्ये या घटनेचा शोक कौटुंबिक हानीसारखा व्यक्त झाला.

मूल्यमापन : जपानी सचेतनपटाने दोन गोष्टी सिद्ध केल्या आहेत. साधनांची टंचाई ही कलेची शत्रूच असते असे नाही. मर्यादेचा विचारपूर्वक स्वीकार केल्यास तिच्यातून नवी भाषा निर्माण होऊ शकते. तसेच रेखाटलेले चित्र शोक, इतिहास, भय व भक्ती यांतील कोणताही आशय पेलू शकते. वयाची मर्यादा माध्यमाला नसून पाहणाऱ्याच्या समजुतीला असते. महाराष्ट्रात कथा, चित्रपरंपरा व कारागिरी यांची उणीव कधीच नव्हती. मुंबई-पुण्यातील स्टुडिओ परदेशी निर्मात्यांची कामे कुशलतेने करतात, सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) व ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) या कृतींत मुंबईचे जीवन हाताने रंगविलेल्या चौकटींतून साकारून आंतरराष्ट्रीय महोत्सवांत मान्यता मिळविली आहे. परंतु अशा कृती व्यक्तीच्या चिकाटीवर उभ्या आहेत, व्यवस्थेवर नाहीत. क्रमशः चित्रकथा छापणारी मासिके, नवोदितांना सातत्याने काम देणारी दूरचित्रवाणी, प्रौढांसाठीही रेखाटता येते हे मानणारा प्रेक्षक आणि कलावंताला जगविणारे वेतन, यांच्या अभावी १९१५ चा आरंभ आरंभच राहिला. जपानी शैलीचे बाह्य अनुकरण करून ही उणीव भरून निघणार नाही. चित्रकथीने मांडीवर धरलेले चित्र व त्याच्या तोंडची कथा यांना एकत्र पाहण्याची सवय येथे होतीच. ती नव्या माध्यमात आणण्याचे काम शिल्लक आहे.